चालणे मोजायचे कसे? – पाऊल, कृत्रिम पाय आणि आपली जबाबदारी

चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या शरीराच्या चार अवस्थांना पालि वाङ्मयात इरियापथ म्हटले आहे. तथागतांनी भिक्खूंना स्मृतिप्रस्थानाची जी शिकवण दिली, तीत या चारही अवस्थांचे भान ठेवण्यास सांगितले आहे आणि त्यात चालण्याचा उल्लेख पहिला येतो. बुद्धगयेच्या महाबोधी विहाराच्या उत्तरेला तथागतांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखविली जाते. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, उद्योगाला बळ येते, प्रकृती निरोगी राहते, खाल्लेले अन्न पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. धम्म गावोगावी पोहोचला तोही चारिकेने, म्हणजे पायी चालूनच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते दीक्षा घेण्यासाठी विदर्भातील खेड्यापाड्यांतून जो समाज लोटला, त्यातही पायी निघालेली माणसे पुष्कळ होती.

असे असूनही चालणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पाय धड असेपर्यंत तो करण्याची गरजही पडत नाही. मात्र ज्याचा पाय गेला, त्याच्यापुढे हा प्रश्न रोज सकाळी उभा राहतो. त्याला कृत्रिम पाय बसविला की काम संपले, असा एक समज समाजात आहे. हा समज अपुरा आहे. पाय बसविल्यानंतर त्याची चाल मोजावी लागते आणि मोजलेल्या गोष्टीप्रमाणे पाय दुरुस्त करावा लागतो. तेव्हा कुठे तो पाय माणसाचा होतो. हे मोजमाप कसे करतात, त्याचा इतिहास काय आणि आपल्यासारख्या संस्थेने त्यात काय करावे, हे आपल्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचा आमचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

पाय गेला म्हणजे काय गेले?

वर्धा-आर्वी रस्त्यावरील आमच्या आंजी (मोठी) परिसरातील बहुतेकांचे पोट शेतीवर आणि शेतमजुरीवर आहे. पराटी, सोयाबीन, तूर ही येथली पिके आणि काळी कसदार माती ही येथली जमीन. पावसाळ्यात या मातीचा चिखल पायाला असा धरतो की धडधाकट माणसालाही पाऊल उचलणे जड जाते. पांदणीने वावरात जायचे, धुऱ्यावरून चालायचे, दिवसभर वाकून निंदण करायचे, उकिडवे बसून जेवायचे आणि घरी आल्यावर मांडी घालून बसायचे, हा आपल्याकडचा दिनक्रम. रस्त्यावरचा अपघात, मळणीच्या थ्रेशरमध्ये सापडलेला पाय, वाढलेल्या मधुमेहामुळे चिघळलेली जखम, यांपैकी कशानेही पाय गेला तरी परिणाम एकच होतो. मजुरी बंद होते आणि घरातील दुसऱ्या माणसाचा वेळही त्याच्यामागे जातो.

आम्ही बँकेत काम करतो. निराधार योजनेचे पैसे काढण्यासाठी येणाऱ्यांत कुबडी घेऊन येणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला आहे. एकदा आम्ही त्यांना विचारले, "काका, तुम्हाले तं शिबिरात पाय भेटला होता ना?" ते म्हणाले, "भेटला ना बापू. घरी खुंटीले टांगून हाय. घातला का सोलते, अन् चार पावलं चाललो का कंबर दुखते." पाय वाईट होता असे आम्हास म्हणावयाचे नाही. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि घेणाऱ्यालाही तो हवा होता. पण पाय दिल्यानंतर हा माणूस कसा चालतो, हे पुन्हा कोणी पाहिले नाही. खुंटीला टांगलेला पाय कागदोपत्री वाटप झालेला असतो, प्रत्यक्षात मात्र त्या माणसाला तो मिळालेला नसतो.

डोळ्यांना न दिसणारी चाल

उजव्या पायाची टाच जमिनीला टेकली तेथपासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचे एक आवर्तन होते. साधारण चालीत याला सुमारे एक सेकंद किंवा किंचित अधिक वेळ लागतो. या आवर्तनाचे शंभर भाग कल्पिले तर जवळजवळ ६० भाग तो पाय जमिनीवर असतो आणि ४० भाग हवेत असतो. दोन्ही पायांचे ६० मिळून १२० होतात. याचा अर्थ असा की सुमारे २० भागांइतका वेळ दोन्ही पाय एकदमच जमिनीवर असतात आणि शरीराचे ओझे एका पायावरून दुसऱ्या पायावर जाते. धावताना हा दुहेरी आधाराचा काळ नाहीसा होतो. चालणे आणि धावणे यांतील खरा फरक हाच आहे.

आता घोट्याकडे पाहू. टाच टेकली की घोटा किंचित वळतो आणि तळवा अलगद जमिनीवर येतो. मग तळवा स्थिर राहतो आणि नडगी त्याच्यावरून पुढे झुकते. येथे घोटा सुमारे १० अंश मिटतो. त्यानंतर टाच उचलली जाते, चवडा जमिनीला मागे रेटतो आणि घोटा सुमारे २० अंश उलट दिशेने उघडतो. शरीराला पुढे ढकलणारा जोर मुख्यतः येथे निर्माण होतो. पाय हवेत असताना गुडघा जवळजवळ ६० अंश वाकतो, म्हणून पाऊल जमिनीवर घासत नाही. तरीही त्या वेळी अंगठ्याचे टोक आणि जमीन यांत अवघे एक-दोन सेंटिमीटर अंतर असते. विटेच्या तुकड्याला ठेच का लागते, याचे उत्तर या एक-दोन सेंटिमीटरमध्ये आहे.

भाराचेही असेच आहे. ६० किलो वजनाचा माणूस स्वस्थ उभा असताना जमिनीवर ६० किलोचा भार टाकतो. तो चालू लागला की टाच टेकल्यानंतर लगेच हा भार ६५-६६ किलोपर्यंत चढतो, मधल्या काळात ५० च्या आसपास उतरतो आणि चवडा रेटताना पुन्हा ६५ च्या घरात जातो. कागदावर त्याचा आलेख काढला तर उंटाच्या पाठीसारखी दोन मदारे दिसतात. हे सर्व एका सेकंदाच्या आत घडते, म्हणून डोळ्यांना ते दिसत नाही. "जरा लंगडतो" एवढेच आपण म्हणू शकतो. का लंगडतो, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजणाऱ्यांची परंपरा

१८३६ साली जर्मनीतील वेबर बंधूंनी घड्याळ, मोजपट्टी आणि दुर्बीण एवढ्याच साधनांनी माणसाच्या चालण्याचा अभ्यास करून ग्रंथ लिहिला. त्यानंतर फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी एक युक्ती काढली. बुटाच्या तळाला हवेची छोटी पोकळी ठेवून तिची नळी नोंद करणाऱ्या उपकरणाला जोडली. पाऊल टेकले की हवा दाबली जाई आणि फिरत्या कागदावर रेघ उमटे. कोणता पाय किती वेळ जमिनीवर होता हे अशा रीतीने प्रथमच कागदावर आले. पुढे १८८० च्या दशकात मारे यांनी माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि एकाच काचेवर लागोपाठ छायाचित्रे घेतली. त्या छायाचित्रांत माणूस दिसेनासा होऊन फक्त हलणाऱ्या रेषा राहिल्या. त्याच सुमारास अमेरिकेत मायब्रिज यांनी रांगेत कॅमेरे मांडून १८७८ मध्ये धावत्या घोड्याची आणि नंतर माणसांचीही छायाचित्रे टिपली.

१८९१ मध्ये लाइपझिग येथे ब्राऊने आणि फिशर यांनी एका सैनिकाच्या अंगावर प्रकाश देणाऱ्या नळ्या बांधून अंधारात त्याला चालविले. चालण्यास काही क्षणच लागले, परंतु नळ्या बांधण्यात अनेक तास गेले आणि आकडेमोड तर कित्येक वर्षे चालली. आज संगणक ते काम क्षणार्धात करतो. त्या वेळी ते कागदावर आणि हाताने झाले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या अभ्यासाला खरी निकड महायुद्धांनी आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो सैनिक पाय गमावून घरी परतले. १९४५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात शल्यविशारद इन्मन आणि अभियंता एबरहार्ट यांनी चालण्याच्या मोजणीचे मोठे काम हाती घेतले. एबरहार्ट यांनी स्वतःचाही एक पाय अपघातात गमावला होता. कातडी हाडावरून सरकते आणि त्यामुळे मापात चूक येते, म्हणून काही स्वयंसेवकांनी आपल्या हाडात पिना बसवून घेतल्या आणि त्यांवरून हाडांचे फिरणे मोजले गेले. याच विद्यापीठात १९५० च्या दशकात 'सॅच' नावाचा पाय तयार झाला. त्यात घोटा घट्ट असतो आणि टाचेला मऊ गादी असते. बूट घालून सपाट फरशीवर चालणाऱ्यासाठी हा पाय सोयीचा होता आणि जगभर पसरला.

आपल्या महाराष्ट्रात याच युद्धकाळात, १९४४ साली, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. सैनिकांसाठी सुरू झालेल्या या केंद्राचा लाभ पुढे नागरिकांनाही मिळाला. मुंबईस हाजी अली येथे १९५५ मध्ये भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

जयपूरचा पाय

परदेशी पाय भारतीय माणसाला का मानवला नाही, याचे उत्तर जयपूरला सापडले. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद होते आणि रामचंद्र शर्मा हे कुशल कारागीर. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, शेतातल्या ढेकळांवर पाय ठेवतो. घोटा घट्ट असलेला पाय यांपैकी काहीच करू देत नाही. शिवाय त्याला बूट हवा आणि बूट घालून घरात किंवा विहारात जाता येत नाही. या निरीक्षणातून १९६८ मध्ये रबराचा जयपूर फूट तयार झाला. त्याच्या आत स्पंजासारख्या रबराचे आणि लाकडाचे ठोकळे असतात. त्यांवर पायाच्या रंगाच्या रबराचे थर चढवून साच्यात घालून भाजतात. हा पाय वर-खाली वाकतो, दोन्ही कडांना कलतो आणि थोडा पिळलाही जातो. त्यामुळे एका बाजूला दगड आला तरी पाऊल त्याच्याशी जुळवून घेते. पाण्यात, चिखलात तो चालतो आणि बुटाची गरज पडत नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय देशभर आणि देशाबाहेरही मोफत पोहोचविला. डॉ. सेठी यांना १९८१ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मांचे शालेय शिक्षण फारसे नव्हते. डॉक्टरचे ज्ञान आणि कारागिराचा हात बरोबरीने बसले म्हणून हे काम झाले. श्रमणाऱ्या हाताला कमी लेखणाऱ्या आपल्या समाजव्यवस्थेत ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे.

मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि १९८६ च्या 'नाचे मयूरी' या चित्रपटाने त्यांची कथा घरोघरी गेली. त्यांची जिद्द वंदनीय आहे. तथापि नर्तिका नाचली म्हणून प्रत्येकाला पाय आपोआप जमेल, असा अर्थ काढणे चूक ठरेल. जिद्दीइतकेच महत्त्व पाय नीट बसण्याला आणि सरावाला आहे.

ऐकीव नको, मोजून घ्या

कालामांना तथागतांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून, ऐकले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. जयपूर फूट चांगला असे सर्वच म्हणतात. तो मोजणीच्या कसोटीस उतरला काय? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याखाली पाय गेलेल्या तीन व्यक्तींना सॅच, सिॲटल आणि जयपूर असे तिन्ही पाय आळीपाळीने लावून जमिनीवर पडणारा रेटा मोजण्यात आला. धक्का शोषून घेण्यात सॅच पाय सरस ठरला. नैसर्गिक पायाच्या चालीला अधिक जवळ आढळला तो जयपूरचा पाय. मात्र कोणत्याही पायाने त्या व्यक्तींची चालण्याची मूळ धाटणी फारशी बदलली नाही. माणसे तीनच होती, म्हणून यावरून शेवटचा निकाल देता येत नाही. पण मोजणीचा फायदा यातूनच कळतो. "हा पाय उत्तम" या ढोबळ विधानाऐवजी कोणता पाय कशात उत्तम, हे कळते.

कृत्रिम पाय मोजण्यातली अडचण

आजच्या प्रयोगशाळांत चालणाऱ्या माणसाच्या कंबरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर आणि चवड्यावर प्रकाश परतविणारे लहान गोळे चिकटवितात. भोवतीचे अनेक कॅमेरे त्यांची जागा सेकंदाला शंभर किंवा अधिक वेळा टिपतात. जमिनीत बसविलेली पाटी भार मोजते. या दोहोंवरून प्रत्येक सांध्याचा कोन आणि त्यावरील जोर संगणक काढतो.

खऱ्या पायात घोट्याचे हाड बोटाने चाचपता येते आणि गोळा तेथे लावता येतो. कृत्रिम पायात मात्र बहुधा सांधाच नसतो. रबर किंवा प्लॅस्टिक वाकते आणि ते वाकणे एका बिंदूत नसून सगळ्या पावलात पसरलेले असते. मग "घोटा किती वळला" याचे उत्तर काय द्यायचे? अशा वेळी धड पायाच्या घोट्याइतक्याच उंचीवर खूण करून तेथील कोन मोजतात. तो खऱ्या घोट्याचा कोन नव्हे, तर रबराच्या वाकण्याचा हिशेब आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा लागतो.

दुसरी अडचण सॉकेटची. उरलेला पाय ज्या कवचात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. सॉकेट सैल असेल तर प्रत्येक पावलाला आतला पाय पंपाच्या दट्ट्यासारखा वर-खाली होतो. बाहेरच्या कवचावर लावलेली खूण ही हालचाल दाखवीत नाही. बाहेरून चाल ठीक दिसते आणि आत कातडी सोलत असते. म्हणून यंत्राच्या मापाबरोबर माणसाचे म्हणणे ऐकणे आणि पाय काढून कातडी पाहणे, ही दोन्ही मापेच समजावीत.

अलीकडे काडेपेटीपेक्षाही लहान संवेदक पायाला बांधून चाल मोजता येते. असेच संवेदक आपल्या मोबाइलमध्येही असतात. संवेदक वेग वाढला की घटला आणि पाय कोणत्या दिशेला किती झपाट्याने फिरला, हे सांगतो. त्यावरून अंतर काढायचे म्हणजे क्षणाक्षणाची बेरीज करायची. प्रत्येक क्षणाची बारीक चूक बेरजेत साठत जाते आणि थोड्याच वेळात हिशेब कुठल्या कुठे जातो. यावर उपाय सोपा आहे. चालताना दर पावलाला तळवा क्षणभर जमिनीवर पूर्ण स्थिर असतो. त्या क्षणी त्याचा वेग शून्य असलाच पाहिजे. यंत्र तेथे वेग शून्य धरते आणि साठलेली चूक काढून टाकते. आम्ही बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवूनच तिजोरी बंद करतो आणि एका दिवसाची चूक दुसऱ्या दिवसावर जाऊ देत नाही, तशातलाच हा प्रकार आहे.

वर्ध्याच्या मातीतला धडा

पाय जाण्यापूर्वीच तो वाचविता आला तर अधिक चांगले. या बाबतीत आपल्या वर्धा जिल्ह्याचा वारसा मोठा आहे. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे कामही वर्ध्यातून सुरू झाले. कुष्ठरोगाने मांस सडते आणि बोटे गळतात, असा समज पूर्वी होता. वेल्लोर येथे काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की मांस आपोआप सडत नाही. मज्जातंतू निकामी झाल्याने वेदना कळत नाही आणि त्याच जागेवर पुन्हा पुन्हा दाब पडून जखम होते. धड माणूस खडा टोचला की नकळत पाऊल बदलतो. ज्याला जाण नाही तो त्याच खड्यावर दिवसभर चालतो.

म्हणून तळव्यावर दाब कोठे पडतो हे मोजणे गरजेचे झाले. शाई लावलेल्या रबरी जाळीवर पाऊल उमटवून दाब पाहिला जाऊ लागला. जास्त दाब तेथे ठसा गडद. पुढे अमेरिकेत ब्रँड यांनी रंगाच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजे वापरले. दाब वाढेल तेथील कुप्या फुटून मोज्याला रंग चढे. या मोजणीतून मऊ रबराच्या तळाची पादत्राणे पुढे आली आणि अनेकांचे पाय वाचले. मधुमेहाच्या रुग्णाला हाच नियम लागू पडतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत, अनवाणी चालू नये आणि न दुखणाऱ्या जखमेला अधिक भ्यावे.

आपण काय मोजू शकतो?

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळा नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. वेबर बंधूंपाशी होते त्याहून अधिक साहित्य आज तुमच्या खिशात आहे.

पहिले माप वेगाचे. सपाट जागी १० मीटर अंतर चुन्याने आखावे. रेघेच्या दोन-तीन मीटर अलीकडून चालण्यास सुरुवात करावी आणि पलीकडे तितकेच जाऊन थांबावे. फक्त मधल्या १० मीटरची पावले आणि सेकंद मोजावेत. समजा १५ पावले आणि ९ सेकंद झाले. तर वेग सेकंदाला १.११ मीटर, एका पावलाची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर आणि मिनिटाला १०० पावले, असा हिशेब निघतो.

दुसरे माप दोन पायांच्या सारखेपणाचे. पाय ओले करून कोरड्या फरशीवर किंवा चाळलेल्या राखेवरून चालवावे. उजव्या टाचेपासून डाव्या टाचेपर्यंत आणि डाव्यापासून उजव्यापर्यंत अशी दोन्ही अंतरे मोजावीत. त्यांत बराच फरक असेल, तर एका पायावर विश्वास कमी आहे असे समजावे. डोळे मिटून पावलांचा ताल ऐकला तरी पुष्कळ कळते. कृत्रिम पायावर माणूस कमी वेळ उभा राहतो, म्हणून ताल तुटतो.

तिसरे माप चित्राचे. मोबाइल तिपाईवर किंवा विटांवर स्थिर ठेवून बाजूने आणि समोरून चित्रण करावे. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रे असतात. एका पावलाला अर्धा सेकंद धरला तर १५ चित्रे मिळतात. ती एकेक थांबवून पाहावीत. कृत्रिम पाय पुढे आणताना माणूस धड पायाच्या चवड्यावर उंच होतो किंवा पाय बाहेरून फिरवून आणतो काय? तसे असेल तर पाय लांब असण्याची शक्यता आहे. त्या बाजूला कंबर खचते काय? मग तो आखूड असू शकतो. गुडघा मागे ढकलला जातो किंवा एकाएकी पुढे मोडतो काय? तसे असेल तर पाऊल बसविण्याच्या कोनात किंवा जागेत फरक असू शकतो. यांत गुडघ्याची कमजोरी किंवा भीती हेही कारण असते. म्हणून आपण निदान करू नये आणि स्क्रू पिळण्याचे धाडस तर करूच नये. नोंद लिहून, चित्रण घेऊन माणसाला तंत्रज्ञापाशी न्यावे. "दुखते" एवढेच सांगणारा रुग्ण आणि मापाचा कागद घेऊन आलेला रुग्ण यांत फरक पडतो.

चौथे माप काळाचे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांत उरलेला पाय आकसतो. सुरुवातीला घट्ट बसणारे सॉकेट पुढे सैल होते आणि बदलावे लागते. म्हणून पाय मिळाल्यावर एक महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने हीच मापे पुन्हा घ्यावीत. परीक्षेची पुनर्तपासणी आपण करतो, तशी पायाचीही करावी.

संस्थेपुढे एक सूचना

अपंगत्व हे कोणाच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, असे मानणारी माणसे आजही भेटतात. ज्या बाबासाहेबांनी आपल्याला कारण आणि परिणाम यांचा विचार करावयास शिकविले, त्यांच्या अनुयायांनी तरी असे बोलू नये. पाय थ्रेशरने गेला, साखरेने गेला, रस्त्यावरच्या खड्ड्याने गेला. कारण कळले की उपायही सापडतो. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता आहे आणि कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचाही त्यात समावेश आहे. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेव्हा पाय मिळणे आणि तो चालता राहणे हा हक्क आहे. तो उपकार समजून संकोच करण्याचे कारण नाही.

आपल्या संस्थेच्या शिबिरांत साहित्यवाटप होते, पाहुण्यांच्या हस्ते ते होते आणि छायाचित्रही निघते. त्यात गैर काही नाही. आमची सूचना एवढीच आहे की, वाटपाच्या वहीत एक रकाना वाढवावा. नाव, गाव, दिलेले साहित्य यांच्या पुढे "सहा महिन्यांनी वापरात आहे काय" असा तो रकाना असावा. तो भरण्यासाठी महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या चार-पाच मुलामुलींचा गट करावा. त्यांना चुना, मोजपट्टी आणि घड्याळ द्यावे. घरी जाऊन वर सांगितलेली मापे घ्यावीत आणि ज्यांचा पाय खुंटीला आहे त्यांना केंद्रापर्यंत नेण्याची व्यवस्था करावी. याला फार पैसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी.

अंगाला जखमा होऊन एकटा पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा आहे असे संघाला सांगितले. तेथे त्यांनी उपदेशाच्या आधी पाणी तापविण्याचे काम केले. आपल्या गटाचे पहिले काम कोणते, हे त्यावरून उमगावे. गावातील किती घरांत खुंटीला पाय टांगलेले आहेत त्याची यादी येत्या बुद्धपौर्णिमेपर्यंत तयार व्हावी, अशी सर्व सभासदांना आमची नम्र विनंती आहे.

सप्रेम जयभीम.